एका गाठीपुरता कारखाना

कापसाची एक गाठ एकशे सत्तर किलोची असते. ती लिफ्टमध्ये मावत नाही. लिफ्ट अजून बसलेली नसली, तरी मावत नाही.

*

कापडाच्या दुकानात पंडितराव गिराम यांनी एक फेटा मागितला. "नवरदेवाचा का सासऱ्याचा?" दुकानदारानं विचारलं. पंडितराव म्हणाले, "साडूचा." दुकानदारानं मधल्या भावातला काढून दिला.

*

चारठाण्याच्या सुलाबाईंनी टेम्पोतल्या कापसावर सतरंजी अंथरली, वर चढून मांडी घातली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हाण आता."

*

"तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी पेंटर यायलाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "पोरं फिका गुलाबी देऊ म्हणायलेत. तुमाला कसा वाटतो?" हे त्यांनी आपल्या भाडेकरूला, त्याच्याच खोलीत उभं राहून, त्याच्याच भिंतीकडं बघत विचारलं.

*

नमुना क्रमांक सात. रकाना चार : कारखाना बंद आहे काय? (होय/नाही). रकाना पाच : रकाना चारचे उत्तर 'होय' असल्यास हा अर्ज करता येणार नाही.

*

पंडितरावांची डावी पापणी दिवाळीपासून फडफडत होती. माणिकराव म्हणाले, पुरुषाची उजवी फडफडली तर शुभ असतं. डावीबद्दल विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

*

हे सगळं एका फ्लॅटबद्दल आहे. ब विंग, तिसरा मजला, ३०४.

तो फ्लॅट गावाच्या अगदी मधोमध आहे, बसस्टँडच्या मागं, जिथं पूर्वी जिनिंग होती. कापसातली सरकी आणि रुई वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. जिनिंग बंद पडून सोळा वर्षं झाली होती. मालकाचे वारस आधी भांडले, मग दमले, आणि दमल्यावर त्यांनी जागा परभणीच्या रामप्रसाद नावाच्या बिल्डरला दिली. रामप्रसादनं पुढची शेडं पाडून चोवीस फ्लॅट उभे केले आणि मागचं एक शेड 'दुसऱ्या टप्प्यासाठी' तसंच ठेवलं. त्या शेडमध्ये सरकी काढायच्या दोन जुन्या जिन, गाठी दाबायची एक प्रेस आणि सिद्धोधन, असे चौघं होते.

सिद्धोधन म्हणजे त्या प्रेसवर एकतीस वर्षं काम केलेले फिटर. जिनिंग बंद झाली तेव्हा त्यांना कुणी 'जा' म्हणालं नाही, म्हणून ते थांबले. नंतर कुणीतरी त्यांच्या हातात काठी आणि शिट्टी दिली, तेव्हा त्यांना कळलं की आपण आता चौकीदार आहोत. तरी रोज सकाळी ते प्रेसला तेल देत. का देता, असं पंडितरावांनी एकदा विचारलं होतं. "सवय हाय, साहेब. तुमी रिटायर झालाव तरी खिशाला पेन लावताव, तसं."

पंडितराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षांत त्यांचा एकही अर्ज परत आला नव्हता, कारण अर्ज परत पाठवायच्या खुर्चीवर तेच बसत. अशा माणसाला एक भाबडी समजूत होते, की कागद नीट लिहिला की जग नीट वागतं.

तर त्यांनी ३०४ घेतला. इमारत उभी राहिली, रंग लागला, पाटी लागली. राहिलं होतं ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इथं माणसं राहू शकतात असा नगरपरिषदेचा कागद. तो नाही तर नळ नाही, मीटर नाही, ताबा नाही. आणि नगरपरिषदेच्या दप्तरात त्या जागेवर अजूनही लिहिलेलं होतं : 'जिनिंग-प्रेसिंग, चालू.'

"चालू कारखान्यात माणसं कशी ऱ्हातील?" खिडकीतला बाबू म्हणाला. त्यात चूक काढायला जागा नव्हती. पंडितरावांनी शोधली, सापडली नाही.

रामप्रसादला फोन केला. त्याच्याकडं सगळ्या प्रसंगांसाठी एकच वाक्य होतं. "होऊन जातं, साहेब." प्लास्टर पडलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता आणि प्लास्टर लागलं तेव्हाही.

मग फ्लॅटधारकांची बैठक झाली. सचिव कोण होणार, असा प्रश्न निघताच सगळे आपापल्या चपला शोधायला उठले. पंडितरावांच्या चपला आधीच कुणीतरी घालून गेलं होतं, म्हणून ते मागं राहिले, आणि सचिव झाले.

*

आता दैवशालाबाईंचं, म्हणजे पंडितरावांच्या बायकोचं.

बावीस वर्षं त्या कस्तुराबाईंच्या दोन खोल्यांत राहत होत्या. त्या खोल्यांत खिळा ठोकायचा तर कस्तुराबाईंना विचारावं लागे. कस्तुराबाई नाही म्हणत नसत. ठोकताना येऊन उभ्या राहत, एवढंच. आता त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं आणि खोल्या रिकाम्या हव्या होत्या, तुळशीच्या लग्नापर्यंत. पंडितराव म्हणाले, तात्पुरतं दुसरं भाड्याचं बघू. दैवशालाबाई भाकरी थापत होत्या, थापतच म्हणाल्या,

"एका भाड्याच्या घरातून निघून दुसऱ्या भाड्याच्या घरात मी पाय ठेवणार न्हाई. जाईन तर माझ्या घरात. न्हाईतर पोखर्णीला अक्काकडं."

अक्काकडं म्हणजे मुंजाजीकडं. मुंजाजी हा दैवशालाबाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पंडितरावांचा साडू. त्याची वीस एकर जमीन, दुमजली घर, आणि त्या घरात एक रिकामी खोली, जिचा उल्लेख तो प्रत्येक कार्यात करत असे. "पंडितरावाला गावात घर भेटंना गेलं तर आपली वरची खोली हाय की. पंखा बी हाय." हे तो जेवणाच्या पंगतीत, वाढप्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे. पंडितरावांना साखर नव्हती, रक्तदाब नव्हता. त्यांना ती वरची खोली होती.

*

परभणीच्या परवाना कक्षात निकिता नावाच्या तरुण अधिकारी बसत. पंडितरावांनी फाइल पुढं सरकवली.

"मॅडम, हा जिनिंगचा परवाना रद्द करायचाय."

"हा सोळा वर्षांपूर्वीच संपलाय, काका."

"म्हणूनच म्हणतो. रद्द करा."

"संपलेला रद्द कसा करणार? रद्द व्हायला तो आधी असायला पाहिजे ना. तुम्ही नूतनीकरण करा, मग आपण रद्द करू."

"मॅडम, मेलेल्या माणसाला मरणाचा दाखला मिळतो की न्हाई?"

"मिळतो. पण तो मेला कधी, ते कुणीतरी कळवलेलं असतं. तुमचा कारखाना मेल्याचं कुणी कळवलंच नाही. मग आमच्या लेखी तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. नुसता आहे."

खुर्चीच्या त्या बाजूनं हीच वाक्यं पंडितरावांनी बत्तीस वर्षं म्हटली होती. त्यांची चव या बाजूनं अशी लागते, हे त्यांना आज कळत होतं. शिवाय 'काका' लागलं होतं, ते वेगळंच.

नूतनीकरणाला काय लागतं, हे त्यांनी विचारलं. चालू हंगामात अधिकाऱ्यासमोर किमान एक गाठ बांधलेली लागते.

"किमान म्हणजे?"

"म्हणजे एक."

जूनमधल्या त्या पहिल्या अर्जापासून दिवाळीपर्यंत सोळा पत्रं झाली. सोळाव्या पत्रात तारीख आली : पांडवपंचमी. तिच्यापुढं आठवड्यानं तुळशीचं लग्न.

म्हणजे असं, की कारखाना बंद करण्यासाठी तो आधी सुरू करायचा. हे वाक्य पंडितरावांनी घरी तीन वेळा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी ते बरोबर वाटायला लागलं, आणि तेव्हापासून त्यांची पापणी फडफडायला लागली.

*

'जिनिंग हाइट्स सुखी परिवार' या ग्रुपवरून :

सचिव : पंचमीला एक गाठ बांधायची आहे. पाच क्विंटल कापूस लागेल. कुणाच्या ओळखीत?

१०२ : 🙏

२०१ : छान उपक्रम.

२०४ : लिफ्टचं काय झालं?

३०३ माणिकराव : मुहूर्त केल्याशिवाय कापूस घेऊ नये. अनुभवाचे बोल.

१०२ : 🙏

*

माणिकराव म्हणजे शेजारच्या ३०३ चे होणारे शेजारी. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गुरांना औषध पाजताना जबडा धरून ठेवायची त्यांना सवय. सल्लाही तसाच देत. "गिराम साहेब, हंगामाचा पहिला कापूस आणणाऱ्याला फेटा, नारळ, कुंकू. बापजाद्याची रीत हाय. तुमी नुसता कापूस उतरून घेतलाव आन उद्या बिल्डिंगीला भेग पडली, तर कोण जबाबदार?" पंडितरावांच्या डोळ्यांपुढं ३०४ च्या भिंतीतून वरपासून खालपर्यंत एक भेग उतरली. ते फेटा घ्यायला गेले.

कापूस कुणाचा, हाही प्रश्नच होता. एका गाठीपुरता कापूस द्यायला कुठलाच व्यापारी तयार नव्हता. सगळे विचारत, "आन मग पुढं?" पुढं काही नाही म्हटलं की ते संशयानं बघत. शेवटी दैवशालाबाईंनी परस्पर पोखर्णीला फोन लावला. "दाजी, पाच क्विंटल पाहिजे. ह्यांच्या कारखान्याला."

"कारखान्याला?" मुंजाजीचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरभर पसरला. "घर घ्यायला गेलेला माणूस कारखानदार झाला का काय?"

*

पंचमीची सकाळ. सिद्धोधनांनी दोन्ही जिनचे पट्टे चढवले होते. शेडला वीज नव्हती, म्हणून मंडपवाल्याचा जनरेटर आणला. जनरेटरसोबत माइक फुकट, अशी त्या मंडपवाल्याची पद्धत होती. माइक नको, असं पंडितराव दोनदा म्हणाले. "असू द्या, मालक," म्हणून त्यानं लावला. पंडितरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी मालक म्हटलं होतं. त्यांनी माइक असू दिला. पुढचं सगळं त्या एका शब्दामुळं झालं, असं दैवशालाबाईंचं मत आहे.

मुंजाजी ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत पांढराशुभ्र कापूस, वर जाळी. पंडितरावांनी कुंकू लावलं, नारळ दिला, फेटा बांधला. फेटा डाव्या कानावर घसरत होता, पण शोभत होता. आजूबाजूचे दुकानदार, बसस्टँडवर गाडीची वाट बघणारे, रिक्षावाले असे पन्नाससाठ लोक जमले. सोळा वर्षांनी जिनिंगचं दार उघडलेलं बघून एक म्हातारा नुसता हसत उभा होता.

आणि मग माणिकराव माइकवरून म्हणाले, "आता सचिवसाहेब मुहूर्ताचा भाव फोडतील."

भाव फोडणे म्हणजे पहिल्या कापसाला जाहीर भाव देणे. पंडितरावांना हे ऐकून माहीत होतं. त्यांची समजूत अशी, की ते आहेरासारखं असतं. बोलायचं मोठं, मग आत बसून ठरवायचं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर बाजारभाव लिहिलेला होता, सात हजार.

मुंजाजीनं माइककडं तोंड नेलं. "सात हजार तर रस्त्यावरचा काटेवाला बी द्यायलाय, साडूभाऊ. तुमच्या दारात येऊन सात हजार घ्यायचे, म्हणजे पाव्हण्याला पाण्यावर काढून दिल्यासारखं झालं." लोक हसले. मुंजाजीनं थोडं थांबून पुढं जोडलं, "तुमाला जड जात असंल तर ऱ्हाऊ द्या. आपली वरची खोली हायच."

पंडितरावांची पापणी थांबली. थांबायला नको होती.

"नऊ हजार," ते माइकवर म्हणाले.

सिद्धोधनांनी प्रेसवरून मान वळवली.

"साहेब," ते हळू म्हणाले, "काय बोललाव तुमी."

"अहो, पाच क्विंटलापुरतं. घरचंच आहे."

"मुहूर्ताचा भाव घरचा नसतो, साहेब. फेटा बांधलेल्या माणसाला जो फुटला, तो दिस मावळेपर्यंत दारात येईल त्याला द्यावा लागतो. पहिल्यापासून तसंच हाय."

"कुठं लिहिलंय?"

"कुठंच न्हाई."

पंडितराव अडकले ते इथं. लिहिलेला नियम कसा वाकवायचा, हे त्यांना बत्तीस वर्षांच्या सरावानं येत होतं. न लिहिलेल्याला धरायला टोकच नव्हतं.

*

बसस्टँडवर उभ्या असलेल्या एकानं 'नऊ हजार' चा व्हिडिओ काढला होता. एकोणीस सेकंदांचा.

*

दहा वाजता सात ट्रॉल्या. अकराला देवगाव फाट्याकडून येणारे टेम्पो बसस्टँडच्या दारापर्यंत. साडेअकराला एसटी आत येईना आणि बाहेर जाईना. बाराला सराफ गल्लीत बैलगाड्या. गावात बैलगाड्या अजून एवढ्या आहेत, हेही पंडितरावांना त्या दिवशीच कळलं. मंडपवाल्यानं आपणहून एक मांडवही टाकला.

सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे कुणी ओरडत नव्हतं. शेतकरी गाड्या सोडून सावलीला बसले. भाकरी सोडल्या, ठेचा वाटून घेतला, एकमेकांची पोरं, पिकं, बोंडअळी यांची चौकशी केली. पंडितराव जवळून गेले की उठून म्हणत, "रामराम, मालक." सकाळी गोड लागलेला तो शब्द आता प्रत्येक वेळी महाग पडत होता. अधीर माणसाला समजावता येतं. पण सोळा वर्षांनी जिनिंग सुरू झाली म्हणून खुशीत बसलेल्या माणसाला काय समजावणार?

त्यांनी रामप्रसादला फोन लावला. "होऊन जातं, साहेब," तो म्हणाला, आणि मग फोन बंद झाला. ग्रुपवर संदेश टाकला : 'सर्व सभासदांनी तातडीने यावे.' तेवीस जणांनी वाचला. १०२ नं हात जोडले. माणिकराव सकाळपासून सोबत होते, ते चहा सांगून येतो म्हणून गेले आणि नुसता चहाच आला.

*

रांगेत चौथा टेम्पो सुलाबाईंचा. त्या अजून सतरंजीवर, कापसाच्या माथ्यावर. पंडितराव खाली उभे राहून वर बघत म्हणाले, "बाई, उतरा. जरा बोलायचंय."

"इथूनच बोला. काट्यावर गेल्याबिगर मी उतरत नसते. मागच्या साली उतरले आन व्यापाऱ्यानं माझ्यामागं माप मारलं."

पंडितरावांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, मला कापूस नकोय."

"मग?"

"मला घर पाहिजे." आणि मग त्यांना थांबता येईना. नगरपरिषद, परवाना, रकाना पाच, गुलाबी रंग, सगळं त्यांनी त्या टेम्पोखाली उभं राहून सांगितलं. वरची खोलीसुद्धा सांगितली, जी त्यांनी आजवर डॉक्टरलाही सांगितली नव्हती.

सुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमाला घर पाहिजे हुतं," त्या म्हणाल्या, "तर त्यात कापसाला कामून बोलवलाव?"

पंडितराव पुन्हा रकाना पाचपासून सांगायला लागले.

"मला सांगून काय व्हतंय, भाऊ," सुलाबाईंनी लांबवर पसरलेल्या रांगेकडं बोट केलं. "त्यास्नी सांगा. माइक हायच की तुमच्याकडं."

*

दीड वाजता निकिता मॅडम आल्या. जीप सराफ गल्लीत अडकली होती, त्या चालत आल्या. फाइल डोक्यावर धरलेली, चेहरा उन्हानं लाल. त्यांच्यासमोर सिद्धोधनांनी गाठ बांधली. प्रेस खाली आली तेव्हा जमीन थरथरली आणि तीन मजले वर ब विंगच्या खिडक्या वाजल्या. एकशे सत्तर किलो, पट्ट्या आवळलेली, चौकोनी. सिद्धोधनांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मॅडमनी पंचनामा लिहिला. पंडितरावांनी खांद्यावरून वाचला. 'कारखाना पूर्ण क्षमतेने व जोमात सुरू असल्याचे दिसून आले. आवारात व परिसरात शेतकऱ्यांची एकशे बारा वाहने.' खाली सही राहिली होती.

माइक हातभर अंतरावर होता. पंडितरावांपुढं दोनच रस्ते उरले होते. गप्प राहायचं, तर दिवस मावळेपर्यंत एकशे बारा गाड्यांना नऊ हजारांचा भाव द्यायचा, जो पंडितरावांकडं काय, ३०४ चारदा विकूनही निघाला नसता. खरं बोलायचं, तर ते मॅडमच्या देखत बोलायचं. पंचनामा फाटणार, ३०४ जाणार, आणि आठवड्यानं पोखर्णीची वरची खोली. मुंजाजी फेटा घालून समोरच खुर्चीवर बसला होता. पंखा बी हाय.

दैवशालाबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. पंडितरावांनी त्यांच्याकडं बघून मान हलवली, म्हणजे 'जाऊ दे,' की 'माफ कर,' ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं, आणि माइक घेतला.

"रामराम. मी पंडित गिराम. मी मालक नाही." माइक कुईं करून वाजला. "ही जिनिंग सुरू झालेली नाही. ती बंद करायची म्हणून एक दिवस सुरू केली. मला राहायला घर नाही. म्हणजे आहे, तिकडं, तिसऱ्या मजल्यावर, पण जाता येत नाही. भाव मी रागाच्या भरात बोललो. माझ्या साडूमुळं बोललो. चूक माझी आहे. तुमचा सगळ्यांचा दिवस मोडला."

एवढं बोलून त्यांना आठवलं की भाषणाच्या शेवटी काहीतरी म्हणतात. ते म्हणाले, "आभारी आहे."

रांगेत कुजबुज सुरू झाली. ती वाढायला लागली. मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "भाव फुटला तो फुटला. आता कशाचं घर?" चारसहा जण उठून पुढं आले.

तेव्हा मुंजाजी उठला. कुरकुरत, गुडघ्यावर हात ठेवून. त्यानं फेटा डोक्यावरून काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि पंडितरावांच्या हातात ठेवला.

"मुहूर्त माझा हुता," तो माइकशिवायच म्हणाला, आणि तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "मी फेटा परत केला. मुहूर्त मोडला, भाव बी मोडला. माझा ऱ्हायलेला कापूस मी सातनं घालणार हाय मार्केट यार्डात. ज्याला यायचं त्यानं माझ्या मागं ट्रॅक्टर लावावा. डिझेल पाव्हण्याकडून घ्यायचं असंल तर पाव्हणा हा इथं उभा हाय, पण त्याच्या खिशात पेनाशिवाय काय न्हाई, मी ओळखतो त्याला."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. शिव्याही पडल्या, नाही असं नाही. त्यातल्या काही पंडितरावांनी पाटबंधारे खात्यातही ऐकल्या नव्हत्या. पण गाड्या वळायला लागल्या. सुलाबाईंचा टेम्पो वळला तेव्हा त्या वरूनच म्हणाल्या, "घर झाल्यावर चहाला बोलवा. कापूस घेऊन येत नसते."

पंडितराव फेटा हातात घेऊन मॅडमकडं वळले. त्यांनी सही केलेली होती.

"मॅडम, तुम्ही ऐकलंत ना?"

"मी पंचनामा दोनला पाच कमी असताना बंद केला, काका," मॅडम पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "नंतर माइकवर काय झालं, ते त्यात येत नाही."

*

तर परवाना नवा झाला. पाच वर्षांसाठी. पंडितरावांनी लगेच दुसरा अर्ज पुढं केला, रद्द करण्याचा. तो त्यांनी आधीच लिहून आणला होता, सुवाच्य.

मॅडमनी तो वाचला आणि खाली ठेवला. एकशे बारा शेतकरी ज्यावर अवलंबून आहेत असा जोमात चालणारा कारखाना असा बंद करता येत नसतो. शेतकऱ्यांची सुनावणी घ्यावी लागते. नव्वद दिवस.

"नव्वद," पंडितराव म्हणाले. त्यांच्याकडं सात होते.

दैवशालाबाई पुढं आल्या. "पोरी, तुझ्या त्या पुस्तकात कारखान्यात कुणीच ऱ्हात न्हाई का गं?"

निकिता मॅडमनी पुस्तक चाळलं. मग पुन्हा एकदा, मागून पुढं. "राहतं," त्या म्हणाल्या. "एका चौकीदाराला कुटुंबासह राहता येतं. मालकाचं पत्र लागेल आणि जागा नेमून दिलेली लागेल."

सगळ्यांनी सिद्धोधनांकडं पाहिलं. सिद्धोधन गाठीला टेकून तंबाखू मळत होते. "मला कशाला बघायलाव? माझं घर हाय भीमनगरात, स्वतःचं. बत्तीस वर्सं झाली." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि पंडितरावांपुढं धरली. "घ्या, साहेब. काठी आत हाय."

पंडितरावांनी शिट्टीकडं पाहिलं. हेडक्लार्क, वर्ग तीन, निवृत्त. सरळसेवा. गोपनीय अहवाल सलग अकरा वर्षं 'उत्कृष्ट'.

"पगार?" मुंजाजीनं विचारलं.

रामप्रसादचा फोन या वेळी लागला. चौकीदाराचं पत्र द्यायला त्याची ना नव्हती. "होऊन जातं, साहेब," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच ते संध्याकाळपर्यंत झालं. 'श्री. पंडित गिराम यांची चौकीदार या पदावर मानद नेमणूक करण्यात येत असून, निवासासाठी ब विंग, ३०४ नेमून देण्यात येत आहे.' मानद हा शब्द पंडितरावांनी स्वतः घालायला लावला.

ग्रुपवर ही बातमी जाताच सुखी परिवाराला जाग आली. माणिकरावांनी काट्यावरचा कारकून म्हणून अर्ज केला. २०१ नं बॉयलरवाला होण्याची तयारी दाखवली. बॉयलर कधीच नव्हता. १०२ नं 'उमेदवार' असं लिहून हात जोडले. परवान्यात जागा एकच होती. पंडितरावांनी सगळे अर्ज नोंदवून घेतले आणि परत पाठवले, रकाना अपूर्ण असल्याच्या शेऱ्यासह. अर्ज परत गेल्यावर त्यांची पापणी पुन्हा थांबली.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी मुंजाजीच्या ट्रॉलीतून सामान आलं. कापसाचे तंतू कपाटाला, गाद्यांना, देवांच्या डब्याला चिकटलेले. लिफ्ट नव्हती, मुंजाजीनं कपाट पाठीवर घेतलं आणि तीन मजले प्रत्येक पायरीला एक टोमणा देत चढवलं. नळ नव्हता, पाणी सिद्धोधनांनी शेडमधून दिलं. कस्तुराबाई बघायला आल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खिळा ठोकायचा असंल तर जपून, भिंत नवी हाय."

दैवशालाबाईंनी हातोडी घेतली आणि कुणालाही न विचारता खिळा ठोकला.

खाली गेटवर पंडितराव गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. एक टेम्पो आत वळत होता. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "वॉचमन, जिनिंग कुठंय?" पंडितरावांनी शिट्टी वाजवली आणि काठी आडवी धरली.

जूनमधल्या त्या मंगळवारी, पंडितराव पहिला अर्ज घेऊन परभणीला गेले होते तेव्हा, दैवशालाबाईंनी सिद्धोधनांकडून ३०४ ची किल्ली मागून नेली होती आणि रॉकेलच्या स्टोव्हवर पाव लिटर दूध उतू जाऊ देऊन गृहप्रवेश उरकला होता.